झोळीची दोरी आणि जात्याचा खुंटा

वाशीमचं जुनं नाव वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. त्या शाखेचा मूळपुरुष सर्वसेन स्वतः कवी होता. त्याचं ‘हरिविजय’ हे प्राकृत काव्य आज उपलब्ध नाही, पण आनंदवर्धनासारख्या काश्मिरातल्या साहित्यशास्त्रज्ञानं त्याची दखल घेतलेली आहे. पुढं राजशेखरानं ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचं लग्न लावलं तेही याच गावात. १९३९ साली वाशीमला विंध्यशक्ती दुसरा याचा ताम्रपट सापडला. त्याच्या भाषेत संस्कृत आणि प्राकृत शेजारी शेजारी नांदतात. एवढा जुना वाङ्मयीन पुरावा महाराष्ट्रातल्या फार थोड्या गावांच्या वाट्याला आला आहे. मात्र या पुराव्यात राजा आहे, ब्राह्मण आहे, कवी आहे, आणि मांडीवर लेकरू घेऊन गुणगुणणारी बाई कुठंच नाही. सर्वसेनाच्या कानावर पहिला सूर कुणाचा पडला असेल, हा प्रश्न इतिहासाला पडलेला नाही. मला तो महत्त्वाचा वाटतो. माणसाचा कान घडतो तो राजसभेत बसण्याच्या कितीतरी आधी, आयुष्याच्या पहिल्या वर्षात, हे आता बाळांच्या मानसशास्त्रानं बऱ्यापैकी पक्कं केलं आहे.

बायकांच्या गाण्याची पहिली ठळक लेखी खूण बाराव्या शतकात मिळते. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा यानं सुमारे ११३० साली ‘मानसोल्लास’ हा संस्कृत कोशग्रंथ रचला. त्यात महाराष्ट्रातल्या स्त्रिया कांडण करताना ओवी गातात, असा उल्लेख आहे. पुढच्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवानं ‘संगीतरत्नाकरा’त ओवीला प्रबंधांमध्ये जागा दिली. त्याच शतकात वऱ्हाडातल्या ऋद्धिपूरला महदंबेनं लग्नातल्या बायकांच्या गाण्याचा साचा घेऊन धवळे रचले, आणि १२९० साली ज्ञानेश्वरीनं ओवीला तत्त्वज्ञान पेलायला लावलं. वाशीम जिल्ह्यातलं कारंजा हे नृसिंह सरस्वतींचं जन्मगाव. त्यांचं चरित्र सांगणारं ‘गुरुचरित्र’ही ओवीबद्धच आहे. त्यातली कथा अशी, की हे बाळ जन्मतःच ॐकार उच्चारू लागलं आणि मुंजीपर्यंत दुसरा शब्द बोललं नाही. शब्दाच्या आधी सूर येतो, हे त्या कथाकाराला नेमकं कळलेलं होतं असं म्हणायला हरकत नाही. या सगळ्या नोंदींतली सोमेश्वराची नोंद मला सर्वांत मोलाची वाटते, कारण तिच्यात गाण्याबरोबर काम आलं आहे. ओवी देवळात किंवा अंगणात गातात असं तो सांगत नाही. ती कांडताना गातात, असं सांगतो. वाशीम-वऱ्हाडातल्या लेकराला मिळालेल्या पहिल्या संगीताचा इतिहास हा बाईच्या कामाचा इतिहास आहे, असं माझं म्हणणं आहे. अंगाई हे मायेचं उमाळ्यासारखं आपोआप फुटणारं रूप आहे, ही समजूत अर्धीच खरी आहे. माया उपजत असेल, पण तिला सूर आणि ताल मिळाला तो जात्याजवळ, झोळीजवळ आणि तांड्याच्या वाटेवर.

आधी जातं नीट पाहू. दोन दगडी तळ्या, खालची स्थिर, वरची फिरती, मधे खिळा. वरच्या तळीच्या कडेला लाकडी खुंटा ठोकलेला. दळणारी बाई एक पाय लांब सोडून, एक दुमडून बसते. उजव्या हातानं खुंटा ओढते, डाव्यानं मूठभर ज्वारी जात्याच्या तोंडात टाकते. जोडीला समोर जाऊ, नणंद किंवा सासू असली तर दोघींचे हात एकाच खुंट्यावर. फेरी एकसारखी नसते. खुंटा स्वतःकडं ओढताना जोर लागतो, पुढं ढकलताना अंग मोकळं होतं. म्हणजे प्रत्येक फेरीत एक जड भाग आणि एक हलका भाग येतो, आणि त्यावर कंबरेपासून खांद्यापर्यंत सगळं अंग झुलतं. ओवीचा चरण या झुलण्यावर बसतो. दाणे टाकण्यासाठी हात क्षणभर अडतो तिथं ओळ संपते किंवा ‘गं बाई’, ‘माय’ असा एखादा भरतीचा शब्द येतो. ज्वारी बारीक दळायची तर फेरी संथ, भरड काढायची तर जरा झपझप. जात्याला नुकतीच टाकी लावलेली असेल तर दगड धान्याला जास्त धरतो आणि गळ्यालाही दम टिकवावा लागतो. छंदःशास्त्राच्या पुस्तकात ओवीची अक्षरं मोजूनही नियम हाती लागत नाही, याचं कारण इथं आहे. साडेतीन चरणांचा हा सैल छंद अक्षरांवर उभा नाही, तो हाताच्या फेरीवर उभा आहे. वऱ्हाडीत ‘ळ’चा ‘य’ होतो, म्हणून दळण इथं ‘दयन’ होतं आणि पाळणा ‘पायना’. हा मऊपणा गाताना ओठांना सोयीचाही आहे.

दळण पहाटेचं. घर झोपलेलं, दिवा मिणमिणता, आणि अंगावर पिणारं लेकरू मात्र जागं. ते कुठं असणार? लांब सोडलेल्या पायाच्या मांडीवर, नाहीतर शेजारी गोधडीवर, नाहीतर आढ्याला बांधलेल्या झोळीत. तान्हं बाळ हा ओवीच्या विषयांतला एक मोठा विषय आहे. भाऊ, माहेर, आईबाप, विठ्ठल यांच्या बरोबरीनं लेकाचं न्हाणं, त्याचं रांगणं, त्याला लागलेली दृष्ट हे सगळं तिथं येतं. पण माझा मुद्दा विषयापुरता नाही. ओवी भावाबद्दल असो की सासूबद्दल, मांडीवरच्या बाळाला ती एकाच वेळी तीन वाटांनी पोचत होती. कानानं सूर, पाठीला आईच्या अंगाचं झुलणं, आणि जमिनीतून दगडाची घरघर.

या तीन वाटा एकत्र येण्याला किती महत्त्व आहे, हे २००५ साली कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात झालेल्या एका साध्या प्रयोगानं दाखवलं. जेसिका फिलिप्स-सिल्व्हर आणि लॉरेल ट्रेनर यांनी सात महिन्यांच्या बाळांना सहा मात्रांचा एक ठेका दोन मिनिटं ऐकवला. त्यात कुठल्याच मात्रेवर जोर नव्हता. तो तीन-तीन असा मोजला तर आपल्या दादऱ्यासारखा, दोन-दोन असा मोजला तर वेगळाच. काही बाळांना ऐकता ऐकता प्रत्येक दुसऱ्या मात्रेवर झुलवलं, काहींना प्रत्येक तिसऱ्या. नंतर जोर दिलेले दोन्ही ठेके ऐकवले, तेव्हा ज्या बाळाला जसं झुलवलं होतं तसाच ठेका ते जास्त वेळ ऐकत राहिलं. डोळे बांधून झुलवलं तरी निकाल तोच आला. नुसतं दुसऱ्याला झुलताना पाहिलं तर मात्र काहीच फरक पडला नाही. कानानं ऐकलेला ठेका एकच होता, त्याला आकार दिला तो अंगानं. बाळ ताल ऐकून शिकतं त्याहून जास्त तो अंगावर घेऊन शिकतं. आता जात्याशेजारच्या मांडीचा विचार करा. तिथं जड-हलक्याचा तो भेद बाळाच्या पाठीला रोज पहाटे तास-दोन तास मिळत होता.

याला वयाची एक अटही आहे. एरिन हॅनन आणि सँड्रा ट्रेहब यांनी बाल्कन प्रदेशातल्या विषम मात्रांच्या चाली अमेरिकेकडच्या बाळांना ऐकवल्या. सहा महिन्यांच्या बाळांना त्या चालींतली मोडतोड बरोबर कळत होती. बारा महिन्यांच्या बाळांना ती कळेनाशी झाली होती, कारण घरात ऐकू येणाऱ्या सम मात्रांच्या संगीतानं तोवर त्यांचा कान एका वळणावर आणला होता. थोडे दिवस घरी तशा चाली लावल्या की वर्षाच्या बाळांना ते भान परत आलं, मोठ्या माणसांना मात्र आलं नाही. म्हणजे सगळ्या जगाच्या तालांना मोकळा असलेला कान वर्षभरात आपल्या मुलखाचा होतो. वऱ्हाडी माणसाचा कान वऱ्हाडी होण्याचं हे वय, आणि त्या वयात त्याच्या सर्वांत जवळ असलेलं वाद्य म्हणजे दगडाचं जातं. त्याही आधीची गोष्ट आहे. गर्भाला सहाव्या-सातव्या महिन्यापासून ऐकू येऊ लागतं, आणि नवजात बाळ आईचा आवाज ओळखून तो पसंत करतं, हे डीकॅस्पर आणि फायफर यांनी १९८० साली दाखवलं. अभिमन्यूची कथा सांगणाऱ्या समाजाला यात नवल वाटू नये. फरक इतकाच, की अभिमन्यूनं गर्भात युद्धाची विद्या ऐकली, आणि दिवस भरत येईतो खुंटा ओढणाऱ्या वऱ्हाडी बाईच्या लेकरानं ओवी.

दुसरं साधन झोळी. जुन्या लुगड्याचा पट्टा, वर आढ्याला किंवा शेतात कडुनिंबाच्या, बाभळीच्या फांदीला बांधलेला, आत लेकरू. कापूस वेचणीच्या दिवसांत धुऱ्यावर अशा झोळ्या लोंबताना दिसतात. घरी निवडणं-पाखडणं चालू असलं की झोळीची दोरी आईच्या पायाच्या अंगठ्याला. हात सुपात, पाय दोरीत, गळा मोकळा. या दोरीचं एक गणित आहे. टांगलेल्या वस्तूचा हेलकावा किती वेळात पुरा होईल हे दोरीच्या लांबीवर ठरतं, वजनावर नाही. दीड मीटर दोरीला सुमारे अडीच सेकंद लागतात, मग आत महिन्याचं बाळ असो की वर्षाचं. आईला घाई असली तरी झोळी घाई करू देत नाही, आणि गाणं झोळीच्या मागून चालतं. जपानमधल्या रिकेन संस्थेतल्या संशोधकांनी २०१३ साली दाखवलं, की आई बाळाला घेऊन चालू लागली की बाळाच्या हृदयाचे ठोके लगेच मंदावतात, हातपाय झाडणं थांबतं, रडणं कमी होतं. नुसतं मांडीवर घेऊन बसण्यानं एवढा परिणाम होत नाही. उंदरांच्या पिल्लांतही हाच प्रतिसाद मिळाला. म्हणजे हालचालीनं शांत होणं हे माणसाहून जुनं आहे. त्यावर गाणं चढवलं ते मात्र माणसानं, आणि प्रत्येक मुलखानं आपापल्या साधनानं.

इथं पहिला मोठा आक्षेप येतो. अंगाई तर जगभर आहे, मग वाशीमचं जातं आणि वऱ्हाडची झोळी यांचं एवढं काय? संथ चाल, पुनरावृत्ती, खाली उतरत जाणारा सूर, ‘जो जो’सारखे अर्थ नसलेले शब्द, हे सगळीकडं सापडतं. आक्षेपाला आधार भक्कम आहे. ट्रेहब आणि तिच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली दाखवलं, की परक्या भाषेतलं गाणंही अंगाई आहे की नाही हे ऐकणाऱ्याला बहुतेक वेळा ओळखता येतं. २०१८ साली सॅम्युअल मेहर यांच्या गटानं ८६ छोट्या समाजांतली ११८ गाणी ६० देशांतल्या ७५० जणांना प्रत्येकी चौदा सेकंद ऐकवली. नाचाचं गाणं आणि अंगाई लोकांनी चांगली ओळखली, प्रेमगीत मात्र फारसं ओळखता आलं नाही. त्यातला हा शेवटचा भाग मला विशेष वाटतो. प्रेम करणाऱ्यांचा सूर मुलखागणिक बदलतो, लेकराला थोपटणाऱ्यांचा फारसा बदलत नाही. २०२१ साली याच संशोधकांनी १४४ अमेरिकी बाळांना त्यांनी कधी न ऐकलेल्या भाषांतल्या अंगाया ऐकवल्या, तर इतर गाण्यांच्या मानानं अंगाईला त्यांच्या हृदयाचे ठोके जास्त मंदावले आणि डोळ्यांच्या बाहुल्या आकुंचन पावल्या.

हे सगळं मान्य करूनही आक्षेप टिकत नाही, आणि त्याचं कारण फार दूरवरून येतं. दक्षिण अमेरिकेतल्या पॅराग्वेमध्ये उत्तर आचे नावाचा शिकारी समाज आहे. मानववंशशास्त्रज्ञ किम हिल यांनी चार दशकं त्यांच्यात ये-जा केली, आणि २०२५ साली मनवीर सिंग यांच्यासह त्यांनी लिहिलं, की या समाजात बाळासाठी गायलं जात नाही, नाचही नाही. आई-बाप रडणाऱ्या बाळाला बोलून, हसवून, तोंडं करून शांत करतात. माया पुरेपूर आहे, अंगाई नाही. लोकसंख्या खालावण्याच्या आणि वस्तीवर सक्तीनं बसवलं जाण्याच्या काळात ती त्यांच्याकडून गळून गेली असावी, असं या दोघांचं म्हणणं आहे. हा एक दाखला साऱ्या चर्चेची दिशा बदलतो. संथ सुरानं शांत होण्याची तयारी बाळात उपजत असते, पण तो सूर लावण्याची रीत उपजत नसते. ती कुणाकडून तरी शिकावी लागते, आणि शिकवणारी साखळी तुटली तर हरवते. म्हणून अंगाईला इतिहास आहे, आणि ज्याला इतिहास आहे त्याला गाव असतं, साधन असतं, हात असतात.

वाशीम जिल्ह्यात अशा साखळ्या एकाहून जास्त आहेत, हे या भूमीचं वैशिष्ट्य. इंग्रजांच्या काळात वाशीम हा वेगळा जिल्हा होता, १९०५ साली तो मोडला, आणि १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून पुन्हा वेगळा झाला. त्याच्या मानोरा तालुक्यातलं पोहरादेवी हे बंजारा समाजाचं सर्वांत मोठं श्रद्धास्थान, सेवालाल महाराजांची समाधी तिथं आहे. तांड्यातल्या बाळाच्या कानावर पडणारी भाषा गोरबोली, मराठी नव्हे. आणि तांड्याचं काम दळणापेक्षा वेगळं होतं. बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलूख ओलांडणारा हा समाज. त्याच्या बाळाला पहिला ताल मिळाला तो चालण्याचा. रेल्वेनं त्यांची लदेणी मोडली, १८७१च्या कायद्याखाली देशात अनेक भटक्या समाजांवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का बसला आणि तो १९५२ साली पुसला गेला, तांडे स्थिरावले. पण गाण्याच्या रीती टिकल्या. सासरी जाणारी मुलगी आईच्या गळ्यात पडून ढावलो गाते, म्हणजे रडतच गाते. होळीला तांड्यात लेंगी होते, आणि वर्षभरात जन्मलेल्या मुलाचा धुंड करतात. अख्खा तांडा जमून एका तान्ह्या बाळाच्या डोक्यावर गाण्यानं आशीर्वाद देतो. पोहरादेवीची मोठी यात्रा रामनवमीची. त्याच दिवशी दुपारी बारा वाजता जिल्ह्यातल्या राममंदिरांत पाळणा हलतो आणि बायका पाळणा गातात. एकाच तालुक्यात दोन भाषांत बाळासाठी गाणं चालतं. नव्या बाळाला समाजात घेण्याचा दरवाजा गाण्याचाच असावा, हे दोन्हीकडं सारखं. तो उघडण्याची रीत मात्र ज्याची त्याची.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. ओवी मुळात अंगाई नव्हेच, ती बाईचं स्वतःचं दुःख सांगण्याची जागा होती. सासरचा जाच, माहेरची ओढ, गेलेल्या लेकराची आठवण तिथं येते. बाळ फक्त शेजारी होतं, म्हणून ते बाळाचं गाणं कसं? हे खरं आहे, आणि मला वाटतं यातच ओवीची ताकद आहे. सात महिन्यांच्या बाळाला शब्दांचा अर्थ कळत नाही, आवाजाची चाल कळते. त्यामुळं एकाच गाण्याला दोन श्रोते मिळतात. शब्द बाईचे, सूर बाळाचा. तिला जे दिवसा कुणाशी बोलता येत नव्हतं ते ती पहाटे सुरात बोलत होती, आणि तोच सूर लेकराला निजवत होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदुस्थानात हजारी दोनशेहून अधिक बाळं वर्षाच्या आत दगावत. त्या काळच्या आईच्या गाण्यात दृष्ट, सटवाई आणि भीती येणार नाही तर काय येईल? पण भीतीचे शब्दही तिनं थोपटण्याच्या चालीत गायले. गाताना गाणारीचा श्वास लांबतो, एकसारखा होतो. तिचं मन शांत व्हायला लागणं हेही बाळाला शांत करण्याचंच साधन.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर, आणि तो टाळून पुढं जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. जातं ही मरणाची मेहनत होती. पहाटे तीनला उठून पाच-सहा माणसांचं दळण रोज काढणं, बाळंतपणानंतर महिन्याभरात पुन्हा खुंट्याला हात लावणं, यात काव्य शोधणं हे न दळणाऱ्यांचं सुख आहे. पिठाची गिरणी गावात आली तेव्हा बायकांना सुटल्यासारखं झालं, आणि ते रास्तच होतं. त्या कष्टांसाठी मला हळहळ नाही. गाणं म्हणून पोरं शांत असत, हेही सरसकट खरं नाही. १८९३ साली नेमलेल्या शाही अफू आयोगापुढच्या साक्षींत मजूर आया तान्ह्या मुलांना अफूचा कण देतात, हे पुन्हा पुन्हा आलं आहे. मुंबईच्या गिरण्यांतल्या बायकांची बाळागोळी तर प्रसिद्धच होती. पण या दाखल्यात एक खूण आहे. कारंजा ही कापसाची मोठी पेठ. मूर्तिजापूर-यवतमाळ ही अरुंद रुळांची ‘शकुंतला’ गाडी तिथून जायची ती कापसामुळंच. जिनिंगमध्ये सरकी आणि रुई वेगळी करणाऱ्या यंत्राच्या आवाजात बाईचा हात गुंततो आणि गळाही. आवाज ऐकू जात नाही, आणि यंत्राचा वेग तिच्या हातात नसतो. जात्यावर हात गुंतलेले असले तरी गळा आणि वेग तिच्या ताब्यात होते. दोन्हीकडं कष्टच, पण एका कामात गाणं मावतं, दुसऱ्यात मावत नाही. जिथं मावत नाही तिथं बाळाजवळ आवाज नसतो, आणि मग गोळीची पाळी येते. म्हणून मी कष्टाची बाजू घेत नाही, कामात गाण्याला उरलेल्या जागेची घेतो.

ही रीत शिकवली कशी जात होती, हेही पाहण्यासारखं आहे. वऱ्हाडात भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत घरोघर भुलाबाई बसते. मातीचे भुलोजी-भुलाबाई, मांडीवर गणपती, आणि भोवती टिपऱ्या घेऊन गाणाऱ्या आठ-दहा वर्षांच्या पोरी. त्या गाण्यांत भुलाबाईचे डोहाळे आहेत, तिचं बाळंतपण आहे. म्हणजे स्वतः आई होण्याच्या कितीतरी वर्षं आधी मुलगी पाळण्याची चाल गळ्यात बसवते, तीही खेळ म्हणून, खिरापतीच्या लोभानं. पुढं बारशाला तीच चाल नव्या नावासाठी वापरायची. पाळणा हा सार्वजनिक साचाही झाला. रामाचा, कृष्णाचा, शिवाजी महाराजांचा, आणि चौदा एप्रिलला गावागावातल्या वस्तीत गायला जाणारा भीमाचा पाळणा. ज्यांना शतकानुशतकं देवळाच्या पाळण्याला हात लावू दिला नाही, त्यांनी आपल्या महापुरुषासाठी पाळणाच निवडला. हा माझ्या दृष्टीनं या साच्याच्या ताकदीचा सर्वांत मोठा पुरावा आहे. ज्या चालीनं प्रत्येकाचं पहिलं वर्ष गेलं, तिच्यावर कुणा एकाची मालकी सांगता येत नाही.

गिरणी आली आणि जातं कोपऱ्यात गेलं. सोय आली आणि ताल गेला, एकाच दिवशी. ओव्या जमवण्याचं काम त्याआधीच काहींनी सुरू केलं होतं. साने गुरुजींचं ‘स्त्रीजीवन’, पुढं सरोजिनी बाबर यांचं लोकसाहित्य समितीचं काम, आणि गी प्वातव्हाँ व हेमा राईरकर यांच्या प्रयत्नांतून महाराष्ट्रभरच्या गावांतून जमलेल्या एक लाखाहून जास्त ओव्या. शब्द वाचले, हे थोर काम आहे. पण बाळाला शब्दांशी देणंघेणं नव्हतं, आणि जे त्याला लागत होतं ते वहीत उतरत नाही. आज लेकरू रडलं की फोनवर अंगाई लावतात. सूर तोच, मग बिघडलं काय, असं कुणी विचारेल. मेहर, ली अॅन साँग आणि एलिझाबेथ स्पेल्के यांनी २०१६ साली पाच महिन्यांच्या बाळांवर केलेला प्रयोग याचं उत्तर देतो. काही बाळांना एक नवं गाणं आई-बापांनी घरी गाऊन शिकवलं, काहींना तेच गाणं खेळण्यातून ऐकू आलं. नंतर दोन अनोळखी माणसं समोर आली. एक ते गाणं म्हणणारं, दुसरं निराळं गाणं म्हणणारं. आई-बापांकडून गाणं मिळालेली बाळं ते गाणाऱ्या अनोळखी माणसाकडं जास्त वेळ पाहत राहिली. खेळण्याकडून मिळालेल्यांनी असा भेद केला नाही. गाणं सगळ्यांना आठवत होतं, पण आपलं माणूस ओळखण्याची खूण ते पहिल्या गटापुरतंच झालं होतं. आणि बाळासाठी गाणारी आई आठवड्यानंतरही तेच गाणं जवळजवळ त्याच पट्टीत, त्याच लयीत लावते, हेही ट्रेहब यांच्या अभ्यासात आलं आहे. यंत्राची अचूकता तिच्या गळ्यात आहेच. वर बाळाकडं पाहून थांबणं, लांबवणं, पुन्हा धरणं हे तिचं स्वतःचं.

जातं घरातून पूर्ण गेलेलं नाही. लग्नाच्या आधी घाणा भरतात तेव्हा ते कोपऱ्यातून बाहेर येतं. धुतलं जातं, हळदीकुंकू लागतं, खुंट्याला आंब्याची पानं आणि सुपारी बांधतात. पाच सवाष्णी भोवती बसून मूठभर हळकुंडं दळतात आणि घरातल्या थोरल्या बाईला गायला सांगतात. तिच्या ओठावर ओवी येते ती हात फिरायला लागल्यावर. हात थांबवून म्हणायला सांगितलं तर पुढचा चरण आठवत नाही. सवाष्णींपैकी एकीच्या काखेत लेकरू असतं. दोघी-तिघी मिळून खुंटा ओढू लागतात, तिचं अंग पुढं-मागं होतं, आणि चार फेऱ्यांत ते लेकरू मान वळवून जात्याकडं पाहायला लागतं.